ऑनर्सचं वर्ष: ऐकीव आणि वास्तव

मेलबर्नमध्ये एका ओळखीच्या घरी जेवायला बसलो होतो. त्यांच्या लेकीने आरोग्यविज्ञानाची तीन वर्षांची पदवी नुकतीच पूर्ण केली होती आणि ऑनर्ससाठी अर्ज भरला होता. कोल्हापूरहून आलेले तिचे आजोबा पानावर गप्प होते. मग हळूच मला म्हणाले, "एखादा विषय राहिलाय का हो तिचा? हे मला नीट सांगत नाहीत." चांगल्या गुणांनी पास झालेली नात आणखी एक वर्ष तिथेच बसणार, याचा त्यांना दुसरा अर्थच लागत नव्हता.

त्यात त्यांची चूक नाही. 'ऑनर्स' हा एकच शब्द तीन ठिकाणी तीन अर्थांनी फिरतो. दिल्ली विद्यापीठात वर्षानुवर्षं ऑनर्स म्हणजे एक मुख्य विषय घेऊन केलेली तीन वर्षांची पदवी. इंग्लंडमध्ये नेहमीच्या पदवीच्या नावातच तो शब्द येतो. ऑस्ट्रेलियात मात्र तीन वर्षांची पदवी हातात पडल्यावर केलेलं ते वेगळं, वरचं वर्ष असतं. तिथल्या राष्ट्रीय पात्रता चौकटीत साधी पदवी 7व्या पातळीवर, ऑनर्स 8व्या, मास्टर्स 9व्या आणि पीएचडी 10व्या पातळीवर आहे. म्हणजे नात मागे राहिली नव्हती, पायरी चढत होती. फिजिओथेरपीसारख्या काही चार वर्षांच्या पदव्यांत ऑनर्स आधीपासूनच गुंफलेलं असतं, तिथे वेगळं वर्ष लागत नाही. मानसशास्त्रात तर नोंदणीकृत मानसशास्त्रज्ञ व्हायचं असेल तर चौथं वर्ष, ऑनर्स किंवा त्याच्या तोडीचं, टाळताच येत नाही.

दुसरा समज गुणांचा. मुलाने 72 टक्के सांगितले की आपल्याकडचे पालक खट्टू होतात. तिथे पेपर तपासायची रीतच कडक आहे. मेलबर्न विद्यापीठात ऑनर्सचा प्रथम वर्ग 80 गुणांपासून सुरू होतो, 75 ते 79 ला वरचा द्वितीय वर्ग. प्रवेशासाठी पदवीचे साधारण 65 ते 70 टक्के लागतात. त्यामुळे 72 वाला मुलगा दाराबाहेर नाही, आत आहे.

पण नुसत्या गुणांवर जागा मिळते, हा समज सगळ्यात महागात पडतो. बहुतेक ठिकाणी तुम्हाला घ्यायला तयार असलेला गाईड आधी शोधावा लागतो. मग अर्ज. मुलं विद्यापीठाचं नाव बघतात, जागतिक क्रमवारी बघतात. माझं ठाम मत आहे की या एका वर्षापुरता विद्यापीठापेक्षा गाईड मोठा. गाईडला भेटायला जाल तेव्हा दोन गोष्टी विचारा: आठवड्यातून किती वेळ भेटाल, आणि माझ्या प्रकल्पाला एथिक्सची मंजुरी मिळालेली आहे का? आणि गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्याशी एकट्याने बोला. तो जे सांगेल ते माहितीपत्रकात नसतं. मी पाहिलेल्या एका मुलीचं अख्खं वर्ष कोमेजलं, कारण गाईड चार महिने परदेशात होते आणि ते तिला प्रवेशानंतर कळलं.

एथिक्सचा प्रश्न मी उगीच घातलेला नाही. 'ते सहीशिक्क्याचं काम, होऊन जाईल' असं मुलं म्हणतात. माणसांवरचं संशोधन ऑस्ट्रेलियात राष्ट्रीय नीतिनिवेदनानुसार तपासलं जातं, आणि मंजुरी येण्याआधी एकाही माणसाची माहिती गोळा करता येत नाही. अर्ज, समितीचे प्रश्न, दुरुस्ती, पुन्हा समिती, यात महिने जाऊ शकतात. वर्ष मात्र फेब्रुवारीत सुरू होऊन नोव्हेंबरच्या आसपास संपतं. म्हणून जाणते गाईड विद्यार्थ्याला आधीच मंजुरी मिळालेल्या मोठ्या प्रकल्पाचा एक तुकडा देतात, किंवा आधी गोळा झालेला डेटा. मुलांना तो दुय्यम वाटतो. तसा तो नसतो.

आता सगळ्यात खोलवर रुजलेला समज: ऑनर्समध्ये काहीतरी शोध लागला पाहिजे, नाहीतर वर्ष फुकट.

जेवणाला भेटलेल्या त्या नातीचंच बघा. तिचा विषय होता वृद्धांच्या पायातली ताकद. त्यासाठी खुर्चीतून उठण्याची एक सरळ चाचणी आहे: खुर्चीची बैठक साधारण 43 सेंटिमीटर उंच, हात छातीवर घडी घातलेले, 30 सेकंदांत माणूस किती वेळा पूर्ण उभा राहतो ते मोजायचं. उठायला हातांचा आधार लागला तर चाचणी थांबवायची आणि शून्य लिहायचं. तिने सरावासाठी आजोबांनाच जेवणघरातल्या खुर्चीवर बसवलं. दोनदा ते झोकात उठले. तिसऱ्यांदा गुडघा अडला आणि हात आपोआप खुर्चीच्या हातावर गेला. तिने घड्याळ थांबवलं, वहीकडे बघत राहिली. आजोबा म्हणाले, "दोन लिही, दोन झालेत की." तिने शून्य लिहिलं. मग त्यांच्याजवळ बसून, शून्य का, ते समजावून सांगितलं.

ऑनर्समध्ये शिकायचं ते हे. परीक्षक बघतात ते प्रश्न नेमका मांडलाय का, आधीचं वाचन झालंय का, मोजमाप प्रामाणिक आहे का, आणि निकालातून निघतं तेवढंच म्हटलंय का. दोन गटांत फरक दिसला नाही, हाही निकाल असतो. तो नीट लिहिलेला प्रबंध प्रथम वर्गात बसतो, आणि ओढूनताणून फरक दाखवणारा घसरतो. चाळीस माणसं हवी होती आणि सव्वीसच मिळाली, तर तसंच लिहायचं, आणि त्यामुळे निष्कर्ष कुठे लंगडा पडतो तेही.

'सोबत नोकरी करता येईल' असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगेन: विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना पंधरवड्याला 48 तासांची मर्यादा आहे. संशोधनाच्या मास्टर्सला आणि पीएचडीला ती सुटते, ऑनर्सला नाही. परदेशी विद्यार्थ्याला फीही भरावी लागते.

मग करायचं कशासाठी? प्रथम वर्ग किंवा वरचा द्वितीय वर्ग मिळाला तर मास्टर्स न करता थेट पीएचडीला अर्ज करता येतो. सरकारी संशोधन शिष्यवृत्तीच्या स्पर्धेत प्रथम वर्गाचं वजन मोठं असतं, आणि ती परदेशी विद्यार्थ्यांनाही मिळू शकते. 2025 मध्ये तिचा किमान निर्वाहभत्ता वर्षाला 33,511 ऑस्ट्रेलियन डॉलर होता. पण पीएचडी नको असलेल्यांनाही या वर्षाचा उपयोग होतो. रुग्णालयात, आरोग्य खात्यात, औषध चाचण्यांच्या कामात शोधनिबंध वाचून त्यातली कच्ची बाजू ओळखणारा माणूस लागतो, आणि ती नजर इथेच तयार होते.

महाराष्ट्रातल्या मुलांसाठी हे आता लांबचं राहिलेलं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर 2022 च्या आराखड्यानुसार चार वर्षांच्या पदवीत पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के असलेल्यांना चौथं वर्ष संशोधनासह करता येतं. त्यात 12 श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प असतो. आयोगाच्या 2022 च्याच पीएचडी नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीत 75 टक्के असतील तर पीएचडीच्या प्रवेशासाठी मास्टर्सची अट नाही. एमबीबीएसच्या मुलांसाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची अल्पकालीन विद्यार्थी संशोधन योजना 1979 पासून आहे. दोन महिन्यांचीच, पण प्रश्न मांडण्यापासून अहवालापर्यंत सगळं स्वतः करायला लावणारी. ऑस्ट्रेलियाची फी परवडत नसेल तर तिथून सुरुवात करा. गाईडला विचारायचे ते दोन प्रश्न मात्र इथेही विचारा, आणि अर्जावर सही करण्याआधी विचारा.