आडनावांचे लेखनभेद (वंशावळ संशोधन)

एकाच कुळाचे आडनाव निरनिराळ्या दस्तऐवजांत वेगवेगळ्या रूपांत आढळणे, यास आडनावाचा लेखनभेद म्हणतात. वंशावळ जुळवताना, तसेच वारसनोंद किंवा जात पडताळणी यांसाठी पुरावे सादर करताना हे भेद निर्णायक ठरतात.

कारणे

मोडी लिपीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद सहसा पाळला जात नाही आणि अनुस्वार अनेकदा गाळला जातो. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार वगळले. त्यामुळे 'भोंसले', 'गांवकर' असे लिहिणाऱ्यांची मुले 'भोसले', 'गावकर' झाली. इंग्रज अधिकारी कानाला येईल तसे लिहीत. 'शिंदे'चे 'सिंदिया' आणि 'गायकवाड'चे 'गायकवार' ही त्याची परिचित उदाहरणे होत. पोर्तुगीज गोव्यात 'प्रभू'चे 'पोरोबो' झाले.

माहुलचे उदाहरण

तुर्भे (ट्रॉम्बे) बेटावरील माहुल या कोळी वस्तीच्या गावासारख्या ठिकाणी अडचण नेमकी उलटी असते: लेखन एक, कुळे अनेक. कोळीवाड्यांत 'कोळी' हा शब्द जातीचाही आहे आणि आडनावाचाही. जुन्या नोंदीत व्यक्तीचे व वडिलांचे नाव आणि जात एवढेच असल्यास 'कोळी' हे तेथे आडनावच आहे असे गृहीत धरता येत नाही. कुलदैवताचाही फारसा उपयोग होत नाही, कारण कार्ल्याची एकवीरा ही असंख्य कोळी व आगरी कुळांची देवी आहे. अशा वेळी आजोबांचे नाव आणि जमिनीचा सर्व्हे क्रमांक हेच खरे आधार उरतात. उपनगर जिल्हा १९२० साली ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यापूर्वीच्या महसुली नोंदींचा शोध म्हणून ठाण्याच्या दप्तरातही घ्यावा लागतो.

पडताळणी

शोध ज्ञात पिढीपासून मागे नेतात. प्रत्येक रूप मूळात आहे तसेच उतरवावे. ते 'सुधारून' लिहिणे ही सर्वांत घातक सवय होय. गाव नमुना १४ (कोतवाल बुक), शाळेचे जनरल रजिस्टर, फेरफार नोंदी आणि त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या परस्परांशी ताडून पाहतात. व्यक्तीचे नाव, वडिलांचे नाव व गाव ही तिन्ही जुळत असतील, तर केवळ आडनावातील अक्षरभेदामुळे नोंद नाकारणे योग्य नसते. स्त्रियांचा माग काढणे अधिक कठीण असते, कारण विवाहानंतर आडनावाबरोबर पुष्कळदा पहिले नावही बदलले जाई. शासकीय राजपत्रातील नावबदलाच्या जाहिरातीत जुने व नवे अशी दोन्ही रूपे शेजारीशेजारी मिळतात.