शाई टिकली, म्हणून शब्द टिकले

1858 साली झाशीला इंग्रजी फौजेचा वेढा पडला, तेव्हा कोकणातील वरसईचे विष्णुभट गोडसे शहरातच होते. झाशीतील मोठ्या ग्रंथसंग्रहाचा नाश झाला, त्याची हळहळ त्यांनी पुढे आपल्या प्रवासवर्णनात नोंदविली. ते वर्णन त्यांनी 1883 च्या सुमारास मोडीत लिहिले. 1907 साली चिंतामण विनायक वैद्य यांनी ‘माझा प्रवास’ या नावाने ते फेरफार करून छापले. अस्सल संहिता मात्र मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदार यांनी 1966 साली प्रसिद्ध केली. ऐंशी वर्षे शाई टिकली, म्हणूनच हे शक्य झाले.

वाचकहो, फाउंटन पेने जमविण्याचा छंद आपल्या घरात कोणाला असेल, तर ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पेन कितीही देखणे असो, मागे उरते ती शाई.

बोरूची जुनी शाई काजळी आणि डिंक यांची असे. काजळी उन्हाने विटत नाही. परंतु अशी शाई फाउंटन पेनात कधीही भरू नये. वॉटरमन यांनी 1884 साली ज्याचे पेटंट घेतले, त्या पेनात निबाखालच्या जिभेवरील बारीक चरांतून शाई खाली उतरते आणि हवा वर जाते. काजळीचे कण या चरांत बसले की पेन बंद पडते.

फाउंटन पेनाच्या शाईत रंग पाण्यात विरघळलेला असतो. मुंबईच्या दांडेकर बंधूंनी 1931 साली शाईच्या पुडी व गोळ्या करून ज्या धंद्याचा आरंभ केला, त्यातूनच पुढे ‘कॅमल’ शाई घरोघर पोहोचली. धुऊन निघणारी शाई मुलांच्या कपड्यांसाठी सोयीची, पण दस्तऐवजास निरुपयोगी. लोहयुक्त शाई प्रथम फिकट उमटते, हवेने काळी पडते आणि पाण्याला दाद देत नाही. मात्र ती पेनात वाळू देऊ नये.

एक प्रयोग घरीच करून पाहा. एकाच कागदावर निरनिराळ्या शाईंनी एकच वाक्य लिहा. अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून कागद महिनाभर उन्हाच्या खिडकीत ठेवा. नंतर प्रत्येक ओळीवर पाण्याचा थेंब सोडा. कोणती शाई विश्वासाची, हे मुलांनाही सांगावे लागणार नाही. दोन शाई मात्र एकत्र करू नयेत. साका बसून पेन तुंबते. शाई बदलताना पेन थंड, स्वच्छ पाण्याने धुवावे.

झाशीसारख्या कडक उन्हाळ्याच्या गावी आणखी एक दक्षता हवी. अर्धवट भरलेल्या पेनातील हवा उष्णतेने फुगते आणि शाई बाहेर लोटते. म्हणून पेन पूर्ण भरावे व निब वर करून ठेवावे.

आजोबांच्या आठवणी किंवा घरातील हकिकती लिहिण्यास बसाल, तेव्हा पेन मनाजोगे निवडा. शाई मात्र नातवंडांचा विचार करून निवडा.