युद्धातून आलेलं पाकीट

यवतमाळकडच्या कळंबच्या चिंतामणीला भेटायचं तर पायऱ्या उतरून जमिनीखाली जावं लागतं. दर बारा वर्षांनी तिथलं पाणी चढतं आणि देवाच्या पायांना लागतं, अशी इथली श्रद्धा. पावसाळा लागला की तालुक्यात पाण्याची दुसरीच गोष्ट सुरू होते: पोराला संडास लागली. मग आशाताई पिशवीतून जलसंजीवनीचं पाकीट काढते. त्या पाकिटाची खरी परीक्षा एका युद्धाच्या धामधुमीत झाली.

साल 1971. 25 मार्चला पेटलेल्या युद्धामुळे पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसं भारतात आली. सीमेलगतच्या बनगावात पटकी पसरली. जूनअखेर कलकत्त्याहून डॉ. दिलीप महालनबीस तिथे पोचले. ते बालरोगतज्ज्ञ, लंडनच्या मुलांच्या इस्पितळात काम करून आलेले. बनगावच्या रुग्णालयात पटकीसाठी दोन खोल्या होत्या. खाटा भरलेल्या, उरलेले रुग्ण जमिनीवर, घाणीत. सलाईन लावायचं तर बाटली हवी, सुई हवी, शीर शोधणारा सरावलेला हात हवा, आणि पाणी आटलेल्या तान्ह्याची शीर तर सहजी सापडतच नाही. बाटल्या संपत आल्या.

तोंडाने पाणी पाजण्याचा उपाय नवा नव्हता. आतड्यात साखर शिरताना मिठाला सोबत ओढून नेते आणि मिठामागून पाणी जातं. पटकीतही ही वाट शाबूत राहते. 1968 मध्ये ढाक्यात डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश यांनी रुग्णांवर ते दाखवलंही होतं, पण डॉक्टरांच्या नजरेखाली. हे काम अडाणी हाती द्यायला वैद्यकशास्त्र बिचकत होतं. महालनबीसांपुढे बिचकायची सोयच नव्हती.

लिटरला 22 ग्रॅम ग्लुकोज, 3.5 ग्रॅम मीठ, 2.5 ग्रॅम खाण्याचा सोडा. कलकत्त्यात पुड्या भरल्या गेल्या, बनगावात पिंपात कालवल्या गेल्या. पिंपाच्या तोटीखाली पेला धरायचा आणि आईने, बापाने, बहिणीने आपल्या माणसाला पाजत राहायचं. लिटरमागे साहित्याचा खर्च 11 पैसे. लोकांना पटावं म्हणून त्याला ‘तोंडाने घ्यायचं सलाईन’ म्हटलं गेलं. सुईवाचून औषध नाही, ही समजूत आपल्याकडेही अजून गेलेली नाही. आठ आठवड्यांत सुमारे 3,700 रुग्ण पाहिले गेले. एरवी शंभरात वीस-तीस दगावत; इथे मृत्यूचं प्रमाण 3.6 टक्क्यांवर आलं.

तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, म्हणून जाणकारांनी शंका काढल्या. बनगावच्या धड्याला मान मिळायला वर्षं गेली. 1978 मध्ये ‘लॅन्सेट’ने या उपायाची गणना शतकातल्या सर्वांत मोठ्या वैद्यकीय प्रगतीत केली. महालनबीस 2022 मध्ये गेले. पद्मविभूषण त्यांना मरणोत्तर, 2023 मध्ये जाहीर झाला.

माझ्या मते बनगावात रुग्णालय टिकलं ते त्याचं काम घरच्यांच्या हाती गेलं म्हणून. रुग्णवाहिका यवतमाळच्या वाटेवर असताना कळंबच्या खेड्यातली आई तेच काम करत असते.

पाकिटाची घडण आता बदलली आहे. सोड्याऐवजी सायट्रेट आलं, पोटॅशियमची भर पडली, मीठ-साखर कमी झाली. 2002 पासूनच्या सूत्रात लिटरला सगळी मिळून 20.5 ग्रॅम पूड. लहान मुलांना सोबत 14 दिवस झिंकची गोळी. अडतं ते मापाशी. अख्खं पाकीट पेलाभर पाण्यात ढवळलं की ते नको तितकं खारट होतं आणि बाळाला अपाय करतं. म्हणून आशाताई आधी घरातली लिटरची बाटली शोधायला लावते.