तुळस, रांगोळी आणि ‘आपण’

मराठीतील ‘आपण’ हे सर्वनाम एका व्याख्येत बसत नाही. ‘आपण जाऊ’ यात बोलणारा व ऐकणारा दोघेही येतात. ‘आपण बसावे’ येथे ते आदरार्थी द्वितीयपुरुषी ठरते. ‘तो आपणच आला’ येथे आत्मवाचक होते. स्वतःशी चाललेला संवाद ज्या शब्दाने सांगावयाचा, तोच शब्द दुसऱ्यालाही सामावून घेतो. वृक्षवेलींना सोयरे मानणारा तुकोबांचा प्रसिद्ध अभंग अखेरीस याच शब्दापाशी येतो. वनस्पतींच्या सहवासाची परिणती तेथे मनाच्या स्वतःशीच चाललेल्या वादात होते.

तुकोबांना अरण्य लाभले. घरातील स्त्रीच्या वाट्याला अंगणातील एक रोप आले. ‘वृंदावन’ या शब्दाचा अर्थसंकोच या दृष्टीने बोलका आहे. मुळात यमुनाकाठच्या वनाचे हे नाव. मराठीत ते तुळशीच्या ओट्यापुरते उरले. हेमा रायरकर व गी प्वातवाँ यांच्या पुढाकाराने एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या संकलित झाल्या. त्यांत तुळस ही वारंवार येणारी श्रोती आहे. तिला ‘बाई’ म्हणून साद घातली जाते आणि माहेरची ओढ, मूल नसल्याचे दुःख यांसारखी घरात उच्चारता न येणारी वाक्ये तिला सांगितली जातात. उत्तर येत नाही, म्हणून बोलणारीला आपलेच वाक्य ऐकावे लागते. आत्मपरीक्षणाला एकांत लागतो असे मानणाऱ्यांनी हा पुरावा विचारात घ्यावयास हवा. या स्त्रीला एकांत नव्हता. तिला संबोधन होते.

अर्थात तुळस केवळ ऐकत नाही. मंजिऱ्या वेळीच खुडल्या तर तिला बगलेतून नवे फुटवे येतात. त्या राहू दिल्या तर झाडाची शक्ती बी धरण्यात खर्च होते व पाने विरळ होतात. म्हणजे कालच्या दुर्लक्षाची नोंद आज झाडावरच वाचावयास मिळते.

रांगोळीचे स्वरूप नेमके उलट आहे. ती कालचे काहीच राखत नाही. सकाळच्या सडासंमार्जनात जुनी आकृती जाते आणि कोऱ्या भूमीवर पुन्हा ठिपके मांडावे लागतात. कोकणात भाताच्या तुसाची पांढरी राख, अन्यत्र शिरगोळ्याचे पीठ, अंगठा व तर्जनी यांतून सोडलेली धार: साधन इतकेच. ठिपक्यांची संख्या परंपरेने ठरलेली असली तरी रेषा हाताचीच असते. हात थरथरला, मन अन्यत्र गेले, की धार जाड होते किंवा तुटते आणि ती खोडून लपविता येत नाही. गोपद्मे व स्वस्तिक तीच राहतात. बदलते ती काढणारी, आणि आकृती स्थिर असल्यामुळेच तो बदल दिसतो.

या नित्यकर्माचे उदात्तीकरण करणे मात्र योग्य नव्हे. ते स्त्रियांवर लादलेलेही होते, आणि हळदीकुंकवाच्या मानातून विधवेला वगळणारा समाज तोच होता. त्या चौकटीतही काहींनी स्वतःसाठी जागा काढली, एवढेच ओव्यांवरून म्हणता येते.

आज सदनिकेच्या खिडकीत तुळशीची कुंडी असते; उंबरठ्यावर मात्र पुष्कळदा छापील, चिकटविलेली रांगोळी दिसते. ती सुबक असते, आणि काल कोणाचा हात थरथरला हे तिच्यावरून कळत नाही.