संत बेनेडिक्टची नियमावली : नम्रतेच्या बारा पायऱ्या

• उगम : सहावे शतक, इटलीतील माँते कासिनो मठ. प्रकरणे ७३.

• प्रार्थना : दिवसा सात वेळा, रात्री एकदा. बायबलमधली सर्व १५० स्तोत्रे दर आठवड्याला पूर्ण.

• नम्रता : सातव्या प्रकरणात १२ पायऱ्या. पहिली पायरी, देवाचे भय सतत मनात बाळगणे.

• नम्रता म्हणजे मुकेपणा नव्हे : महत्त्वाच्या प्रश्नावर मठाधिपतीने सर्वांना बोलवायचे, कारण योग्य मार्ग देव अनेकदा वयाने लहान असलेल्यालाच दाखवतो (प्रकरण ३). अंतिम निर्णय मात्र मठाधिपतीचा.

• काम आणि भक्ती : यांत भिंत नाही. कोठीतली भांडीकुंडी वेदीवरच्या पवित्र पात्रांइतकीच जपायची (प्रकरण ३१).

• पाहुणा : दारी येईल त्याचे ख्रिस्त समजून स्वागत, गरीब व यात्रेकरूंची विशेष काळजी (प्रकरण ५३).