नऊशे रेणूंचं पाणी

"नळाला पाणी नाही भो, अन् हा लॅपटॉपमध्ये पाणी भरू राह्यला!" मे महिन्यात माझ्या रूम पार्टनरने मारलेला हा टोमणा आख्ख्या विंगमध्ये फिरला. पण मित्रांनो, मी खरंच पाणी भरत होतो. तीन नॅनोमीटर बाजूच्या डब्यात, साधारण ८९० रेणू. फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी मॉलिक्युलर सिम्युलेशन शिकायचं होतं आणि गाईड सरांची अट होती, आधी साध्या पाण्याची घनता काढून दाखव, मग पुढचं बोलू.

प्रकार काय आहे ते आधी सांगतो. प्रत्येक अणूवर बाकीच्यांचं किती बल आहे ते काढायचं, न्यूटनचा दुसरा नियम लावायचा, अणू किंचित पुढे सरकवायचा आणि पुन्हा बल काढायचं. बारावीचंच फिजिक्स, फक्त एक पाऊल दोन फेम्टोसेकंदांचं. एक नॅनोसेकंद पूर्ण व्हायला अशी पाच लाख पावलं लागतात. मूळचे हैदराबादचे अनीसुर रहमान यांनी १९६४ साली अमेरिकेत अर्गॉनचे ८६४ अणू असे चालवून दाखवले आणि १९७१ मध्ये स्टिलिंजर यांच्यासोबत पाण्याचे २१६ रेणू. त्यांना त्या काळचे मोठाले संगणक लागले, आपल्याला दादाचा जुना लॅपटॉप पुरतो.

सॉफ्टवेअर म्हणजे ग्रोमॅक्स. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला याची सुरुवात झाली. याचा सोर्स कोड खुला आहे. फुकट आणि खुलं यात फरक असतो बरं का. चित्रं बघायला आम्ही व्हीएमडी वापरतो, ते शिक्षणासाठी फुकट मिळतं, पण ओपन सोर्स नाही.

इन्स्टॉल करणं लोकांना वाटतं तेवढं अवघड नाही. उबुंटूवर "सुडो ॲप्ट इन्स्टॉल ग्रोमॅक्स" एवढी एक ओळ. विंडोजवाल्यांनी आधी डब्ल्यूएसएल टाकून घ्यावं. ॲप्टमधून येणारी प्रत कुठल्याही प्रोसेसरवर चालेल अशी बांधलेली असते, त्यामुळे जरा हळू. वेग हवा तर सोर्स आणून सीमेक आणि मेकने स्वतः बांधायचं. मग मात्र प्रत्येक नव्या टर्मिनलमध्ये जीएमएक्सआरसी ही फाइल सोर्स करावी लागते. मला हे माहीत नव्हतं. "कमांड नॉट फाउंड" आलं की मी अख्खं सॉफ्टवेअर पुन्हा बांधायचो, असं दोनदा केलं! लिनक्सचंच टेन्शन असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये त्याचे धडे मराठीतूनही आहेत.

पाणी भरलं, रन संपला, मी घनता काढली ०.९९. खऱ्या पाण्याची ०.९९७. खूश होऊन प्रिंटआउट घेऊन सरांकडे गेलो. सरांनी कागद पाहिला आणि विचारलं, "डबा केवढा ते कोणी ठरवलं?" मी. "रेणू किती ते?" तेही सुरुवातीलाच ठरलेलं. "रन चालू असताना डबा लहानमोठा झाला?" नाही. "मग ही घनता सॉफ्टवेअरने काढली की तू?"

बोलती बंद. मी आकारमान स्थिर ठेवणारी सेटिंग वापरली होती. जे भरलं तेच परत मोजलं. एक दिवस हातात असता तर हे रिपोर्टमध्ये छापून सबमिट केलं असतं आणि कोणाला कळलंही नसतं. खरं तर मला तेव्हाच शंका यायला हवी होती, कारण ग्रोमॅक्सच्या यादीत घनता दिसतच नव्हती, मी ती कॅल्क्युलेटरवर काढली होती.

मग दाब एक बार ठेवून डब्याला मोकळं सोडलं. सुरुवातीचा भाग टाकून सरासरी घेतली, आली ०.९८. म्हणजे चुकीच्या पद्धतीचं उत्तर बरोबर पद्धतीपेक्षा खऱ्या आकड्याच्या जास्त जवळ! पण हे ०.९८ मॉडेलचं स्वतःचं आहे. मी वापरलेलं टीआयपी३पी हे पाण्याचं मॉडेल घनता बऱ्यापैकी देतं, पण त्यातले रेणू खऱ्या पाण्यापेक्षा दुपटीहून जास्त वेगाने पसरतात आणि त्याचा बर्फ उणे १२७ अंशांच्या आसपासच वितळतो. प्रोजेक्ट विसरणाचा असेल तर हे मॉडेल घेऊन बसू नका. आणखी एक, दाबाचा आलेख बघून घाबरू नका. एवढ्याशा डब्यात तो शेकडो बारने वरखाली होतो, सरासरीच पाहायची.

धुळ्याच्या कॉलेजात माझा एक मित्र आहे. तीच इनपुट फाइल त्याला मेल केली. त्याच्या मशीनवर थोड्याच वेळात रेणू वेगळ्याच वाटेने गेले. आम्ही फोनवर तासभर भांडलो, चूक कोणाची. चूक कोणाचीच नव्हती. शेवटच्या दशांशातला फरक वाढत जातो, दोन मशीनवर वाट एक राहत नाही. सरासरी घनता मात्र दोघांची जुळली.

आता लाईटचं. पाण्याचा डबा लगेच संपतो, पण पाण्यात प्रोटीन टाकलं की जीपीयू नसलेल्या मशीनवर एका नॅनोसेकंदात अख्खी दुपार जाते. त्यात लाईट जाणार हे धरूनच चाला. ग्रोमॅक्स दर १५ मिनिटांनी चेकपॉइंट फाइल लिहितं. लाईट आल्यावर एमडीरनला "मायनस सीपीआय" लावून ती फाइल द्यायची, काम तिथून पुढे सुरू होतं. हे लावायचं विसरलात तर बिचारं गुपचूप शून्यापासून सुरू करतं. आणि पारा ४४ वर असताना लॅपटॉप गादीवर ठेवू नका, तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. मी टेबल फॅन त्याच्याकडे वळवला होता. त्यावरून रूम पार्टनरने काय काय ऐकवलं, ते इथे छापता येणार नाही.