हळदीचा रंग आणि कॅमेऱ्याचे दफ्तर

1918 साली कोल्हापुरात बाबुराव पेंटरांनी स्वहस्ते कॅमेरा सिद्ध केला तेव्हापासून विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत, ज्या फितीवर प्रकाश पडे तीच फीत त्या प्रकाशाची साक्ष आणि तीच त्याचे दफ्तर असे. डिजिटल कॅमेऱ्याने हे दोन अधिकार विभक्त केले: प्रकाश टिपतो सेन्सर; आणि टिपलेल्यापैकी काय राखावयाचे व काय गाळावयाचे, याचा निकाल देतो रेकॉर्डिंगचा फॉरमॅट. बाजारात मात्र ‘किती के?’, म्हणजे चित्राच्या रुंदीत किती हजार बिंदू, एवढीच पृच्छा होते, आणि या एकांगी मोजदादीने चित्रणकलेची हानी केली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

याची परीक्षा हिंगोली जिल्ह्यात उत्तम होते. शिमग्याच्या सुमारास वसमतच्या शिवारात शिजवलेली हळद उन्हात पसरलेली असते, आणि त्या एका पिवळ्यात गेरूपासून केशरापर्यंतच्या किती छटा असतात, हे पाहणाऱ्यालाच ठाऊक. सेन्सर स्वतः रंगांध. त्याच्या प्रत्येक बिंदूवर एकेका रंगाची काच बसविलेली असते, आणि कोडॅकच्या ब्राइस बेयर यांनी 1976 साली पेटंट मिळविलेल्या रचनेप्रमाणे त्यांपैकी निम्मे बिंदू हिरव्याचे, चतुर्थांश तांबड्याचे व चतुर्थांश निळ्याचे असतात. 2010 साली आलेल्या ॲरी अलेक्सा कॅमेऱ्यात चित्रणास 2880 × 1620 बिंदू मिळत. म्हणजे निळ्याच्या वाट्यास 1440 × 810. हळद तर निळा प्रकाश शोषून घेते, म्हणून निळ्या बिंदूंना ती रास जवळजवळ काळीच दिसते, आणि दोन हळकुंडांतील भेद बहुतांशी तांबड्या-हिरव्याच्या सूक्ष्म तफावतीवरच ठरतो. अशा वेळी 4:2:0 पद्धतीने नोंद झाली, तर चार बिंदूंत मिळून रंगाची एकच नोंद उरते. 3840 × 2160 च्या चित्रात उजेडाची नोंद पुरती असली तरी रंगाची 1920 × 1080 एवढीच राहते, आणि हळकुंडाच्या भेगेतला तपकिरी शेजारच्या पिवळ्यात मिसळून जातो.

रंगाहून कठीण कसोटी अंधाराची. औंढा नागनाथच्या देवळाची बाहेरची भिंत शिल्पांनी भरलेली आहे. माध्यान्हीच्या उन्हात तिचे उंचवटे लखलखतात, तर कोनाड्यांतील मूर्तींवर गडद सावली असते. सेन्सर प्रकाश मोजतो तो सरळ प्रमाणात: प्रकाश दुप्पट, तर आकडाही दुप्पट. त्यामुळे 12 बिटांच्या 4096 पायऱ्या जशाच्या तशा वापरल्या, तर सर्वांत उजळ स्टॉप (प्रकाश दुप्पट वा निम्मा होण्याचा एक टप्पा) एकटाच 2048 पायऱ्या घेतो, त्याखालचा 1024, त्याखालचा 512. असे निम्म्यानिम्म्याने उतरत आठव्या स्टॉपच्या, म्हणजे कोनाड्यातील मूर्तीच्या, वाट्यास अवघ्या 16 पायऱ्या येतात. उन्हाला जहागीर आणि सावलीला तुकडा, अशी ही अन्याय्य वाटणी सुधारण्यासाठी लॉग नावाची नोंदपद्धती योजिली गेली. तीत बहुतेक स्टॉपांना जवळजवळ सारख्या पायऱ्या मिळतात. अलेक्साचा ॲरीरॉ फॉरमॅट 16 बिटांची सरळ मोजणी अशाच लॉग रीतीने 12 बिटांत बसवितो. लॉग घेऊनही 8 बिटांत, म्हणजे 256 पायऱ्यांत, नोंद केली, तर नितळ आकाशातही पट्टे उमटू लागतात.

12 बिटांची ही उदारता स्वस्त नाही. 2880 × 1620 बिंदूंची 12 बिटांची चौकट सुमारे 7 मेगाबाइटची. सेकंदाला 24 चौकटी धरल्या तर तासाला सुमारे 600 गिगाबाइट लागतात. म्हणूनच 2007 च्या रेड वन कॅमेऱ्याने 4के चित्र वेव्हलेट पद्धतीने दाबून साठविण्याचा मार्ग पत्करला, आणि अलेक्साने ॲरीरॉच्या जोडीला ॲपलचा प्रोरेस फॉरमॅट दिला. बिंदू कमी असूनही अलेक्सानेच छायाचित्रकारांची मने जिंकली. तिच्यावर चित्रित झालेल्या ‘ह्यूगो’ चित्रपटाला छायाचित्रणाचे ऑस्कर मिळाले.

हिंगोली, कळमनुरी, सेनगाव येथे लग्नसमारंभ चित्रित करता करता लघुपटाकडे वळणारी तरुण मंडळी आज जागोजागी आहेत. त्यांनी कॅमेरा घेताना 8 बिट 4:2:0 च्या 4के पेक्षा 10 बिट 4:2:2 चा, म्हणजे दर दोन बिंदूंना रंगाची एक नोंद राखणाऱ्या पद्धतीचा, आग्रह धरावा, मग बिंदू निम्मे मिळाले तरी हरकत नाही. चित्रपटगृहांसाठी 2005 साली जी प्रमाणके ठरली त्यांतही 2के चित्रास 2048 × 1080 एवढेच बिंदू पुरेसे मानले गेले. प्रत्येक रंगाला मात्र 12 बिट राखून ठेवले.